आधी खरारा, मग खोगीर

वरातीतून, टांग्यातून सोडवलेले घोडे नाशिकजवळ पाळायचे आणि बिथरलेल्या मुलांना त्यांच्यावर रपेट घडवायची, ही कल्पना आवडली. फक्त रपेटीची घाई नको. खरं काम जमिनीवर, घोड्याशेजारी उभं राहूनच होतं.

घोडा मुळात भक्ष्य होणारा प्राणी, त्यात हा मार खाल्लेला. आवाज चढला, हात झटकन वर गेला की कान मागे पडतात, अंग आखडतं. रागीट पोराला आपल्या रागाचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो, वर कुणाचं लेक्चर नाही (घरी ते भरपूर असतं!). पंचवटीत ओळखीच्या मोतद्दाराकडे (घोड्यांची निगा राखणारा) वरातीचा एक म्हातारा घोडा होता. खोगिराच्या जुन्या जखमांवर पांढरे केस उगवलेले. कुणाशी न बोलणारी एक मुलगी खरारा करताना (ब्रशने अंग घासताना) त्या जखमांपाशी आली की हात आपोआप हलका करायची.

समुपदेशक मात्र हवाच, नुसता घोडा पुरणार नाही. आणि सोडवलेल्या प्रत्येक घोड्याची आधी ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची तपासणी करा, तो रोग माणसालाही होतो. मुलांची धनुर्वाताची लसही तपासून घ्या. लिदीतून ते जंतू येतात.