डिझेलची सबसिडी गेली, वेचणीच्या गाडीचं भाडं कोणी भरायचं?

दारव्हेकर_ॲपे:
रामराम मंडळी. माझा डिझेलचा ॲपे हाय, दिवाळीपासून बाया कापूस वेचाले नेतो, सकाळी सातले निघतो, 18 किलोमीटरवरच्या वावरात सोडतो अन् संध्याकाळी गाठोडे मोजून झाले का वापस. डिझेल नव्वदीच्या वर गेलं, भाडं वाढवा म्हटलं तं शेतकरी म्हणते मंग वेचणीच्या भावातून कापतो, म्हणजे पाय बायांच्याच पोटावर. पहिले डिझेलवर सबसिडी होती नं, ते कधी गेली? अन् तुमच्याकडे भाडं कोण देते?

आर्वीचा_मास्तर:
भाऊ, जानेवारी 2013 पासून डिझेल महिन्याले 50-50 पैसे वाढवत नेलं अन् ऑक्टोबर 2014 मधी भाव पुरा बाजारावर सोडला, तवाच सबसिडी गेली. पेट्रोलचा तं जून 2010 मधीच सोडला होता. डिझेल सोडलं तेव्हा कच्चं तेल पडलं होतं म्हणून लिटरमागं तीन रुपयाच्या वर उतरलं, पण पुढं जानेवारी 2016 पर्यंत एक्साइज म्हणजे केंद्राचा टॅक्स वाढवत गेले, मे 2020 मधी तं एका झटक्यात 13 रुपये. नोव्हेंबर 2021 ले 10 अन् मे 2022 ले 6 कमी केले. तवा सबसिडीसंगं टॅक्सचाही हिशोब धरा.

पऱ्हाटी:
माझी माय अशाच गाडीत जाते. नोकरीवाल्यायले महागाई भत्ता भेटते, मायले किलोमागं जे ठरलं तेच, अन् भाडं कापलं का दिवसाचे तीन-चार किलो फुकट वेचल्यासारखे. बोंडाच्या टोकानं बोटं फाटते, रात्री खोबरेल लावून बसते. घरी उज्ज्वलाचं सिलिंडर हाय, 300 रुपये खात्यात येते खरे पण आधी पुरे पैसे मोजा लागते, म्हणून वेचणी सरली का चूल अन् कपाशीच्या पऱ्हाट्या. राशनचं रॉकेलही गेलं. दादा, भाडं वाढवा पण बायांच्या किलोले हात लावू देऊ नका, हात जोडून सांगतो.

पांढरकवडा_शेतकरी:
मी शेतकरीच हावो. आमच्याकडे भाडं गाडीमागं वेगळं देतो, वेचणीचा भाव वेगळा, दोन्ही पहिल्या वेच्याच्या आधीच बायांसमोर बोलून घेतो. शेजारच्या वावरवाल्यासंगं एकच गाडी लावतो, भाडं अर्धं-अर्धं. आम्हाले परवडत नायी हे खरं हाय, कापसाच्या भावातून वाढलेल्या डिझेलचा खर्च निघत नायी, पण ते बायांच्या माथी मारणं बरोबर नायी. अन् परवडत नायी म्हणून आठाच्या जागी पंधरा बाया कोंबू नका भाऊ, आमच्या फाट्यावर गाडी पलटली होती.

दारव्हेकर_ॲपे:
पंधरा नायी पण बारा बसवतो, खोटं कशाले बोलू. गाडीमागं भाडं वेगळं, हे उद्या टोळीच्या बाईले संगं घेऊनच शेतकऱ्यापाशी काढतो.