शनिवारचा चित्रपट: ‘ब्लडस्टोन’ आणि राडूची सावली

क-२०३ काका
सर्वांना नमस्कार. शनिवारी रात्री सोसायटीच्या हॉलमध्ये आपण ‘ब्लडस्टोन: सबस्पीसीज २’ हा १९९३ चा भयपट पाहिला. खुर्च्या आवरताना सुरू झालेली चर्चा लिफ्टपाशी अर्धवट राहिली आणि ‘इतका साधा, कमी पैशांतला चित्रपट का निवडला’ हा प्रश्न तसाच राहिला. निवड माझी होती, म्हणून उत्तर देणेही माझेच काम आहे.

हा चित्रपट चित्रपटगृहांसाठी बनलेलाच नाही. चार्ल्स बँड यांची ‘फुल मून’ ही अमेरिकी कंपनी असे चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर आणत असे, त्यामुळे पैसा जपून वापरावा लागे. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियातील हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि त्यानंतर तिथे जाऊन चित्रीकरण करणाऱ्या पहिल्या काही अमेरिकी चित्रपटांत या मालिकेचा १९९१ चा पहिला भाग होता. दिग्दर्शक टेड निकोलाऊ यांना जुने किल्ले, पडके मठ आणि ओल्या दगडी गल्ल्या आयत्या मिळाल्या. हे सारे स्टुडिओत उभारायचे म्हटले असते तर या कंपनीला ते कधीच परवडले नसते. रक्तपिशाचाची गोष्ट ज्या मातीत रुजली, त्याच मातीत ती चित्रित झाली आहे आणि ते पडद्यावर जाणवते. तिथले लोक अशा अतृप्त मृतांना ‘स्ट्रिगोई’ म्हणतात. आपल्याकडे वेताळाचे नाव निघाले की गावाबाहेरची एखादी ठरावीक जागा डोळ्यांसमोर येते. भीतीला अशी जागा लागते आणि ती या चित्रपटाकडे आहे. म्हणूनच मी तो निवडला; शिवाय पहिल्या भागापेक्षा हा दुसरा भाग मला अधिक चांगला वाटतो.

अ-७०१ काकू
काका, आपण मेहनतीने माहिती जमवता याबद्दल आदर आहेच, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्ट लिहिते. राडू या रक्तपिशाचाच्या तोंडातून सतत ओघळणारे रक्त आणि लाळ मला दहा मिनिटांनंतर भीतीदायक न वाटता केवळ किळसवाणी वाटली. सुरुवातीला त्याचे ते चिमुकले सैतान त्याचे तुटलेले मुंडके धडाला पुन्हा जोडतात, पण त्यानंतर त्यांचा काहीच उपयोग होत नाही. ज्यांच्यावरून मालिकेला ‘सबस्पीसीज’ हे नाव मिळाले तेच प्राणी गोष्टीतून गायब होतात. माझी सर्वांत मोठी तक्रार शेवटाबद्दल आहे. दीड तास बसल्यावर प्रेक्षकाला काहीतरी निकाल मिळायला हवा. इथे रक्तपिशाच झालेल्या नायिकेला, मिशेलला, राडूची आई भुयारात ओढून नेते, तिची बहीण रेबेका वर एकटी राहते आणि चित्रपट संपतो. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे असे मला मनापासून वाटते. आणखी एक विनंती अशी की, हा चित्रपट प्रौढांसाठी आहे हे सूचनाफलकावर आधी लिहायला हवे होते. दोन मुलांना मध्येच उठवून घरी न्यावे लागले.

ड-१०२ आजोबा
मला एक शंका आहे. मागच्या महिन्यात पाहिलेल्या पहिल्या भागातील मिशेल ही नव्हे. माझी नजर आता अधू झाली असली तरी चेहरा इतका बदललेला नक्की लक्षात येतो.

क-२०३ काका
आजोबा, आपली नजर अगदी बरोबर आहे. पहिल्या भागात लॉरा टेट होती. दुसऱ्या भागापासून डेनिस डफ आली आणि पुढेही तीच राहिली. गोष्ट मात्र त्याच रात्री सुरू होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे गोंधळायला होते. काकू, सूचनाफलकाची चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी दोन्ही घरांची क्षमा मागतो.

राडूबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. डॅनिश अभिनेते अँडर्स होव्ह यांनी त्याला नुसता राक्षस केलेले नाही. इतिहासात व्लाड ड्रॅक्युलाच्या धाकट्या भावाचे नाव राडू होते आणि लोक त्याला ‘देखणा राडू’ म्हणत. चित्रपटातला राडू मात्र असा कुरूप आहे की स्वतःच्या लांबलचक बोटांनी मिशेलच्या चेहऱ्याला हात लावतानाही तो संकोचतो. तो आईकडे जातो ते दृश्य आठवा. तो तिला ‘मम्मी’ म्हणतो आणि ती दिसतेही पिरॅमिडमधल्या सुकलेल्या शवासारखी. पामेला गॉर्डन यांनी ते काम केले आहे. मिशेलला मारून टाक, असे आई सांगते आणि मुलाला ते जमत नाही. आईचा धाक आणि ओढ यांत सापडलेला मुलगा मला त्या दृश्यात दिसला. रक्तपिशाचाच्या चित्रपटात असे क्वचितच दिसते.

ब-५०४ ताई
मी संकलनाचे काम करते, म्हणून सावलीविषयी लिहिते. मिशेल रोमानियाची राजधानी बुखारेस्टच्या रस्त्यांतून पळते तेव्हा राडू स्वतः फारसा दिसत नाही. त्याची प्रचंड सावली इमारतींच्या भिंतींवरून सरकत येते. ‘नॉस्फेरातू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटात जिन्यावरून चढणारी सावली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा वारसा लगेच ओळखता येईल. मी काल रात्री स्वयंपाकघरातले दिवे बंद करून हे स्वतः करून पाहिले. मोबाईलचा टॉर्च ओट्यावर उलटा ठेवला आणि हात हातभर उंचीवर धरला, तर छतावर नेहमीच्या हाताच्या तीन-चार पट मोठी सावली पडली. तोच हात टॉर्चपासून चार बोटांवर आणला तर बोटे फ्रिजच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचली. टॉर्चचा दिवा अगदी बारीक असल्यामुळे कडाही रेखीव आल्या. माझी आई पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली. मुद्दा असा की, ही भीती निर्माण करायला एक दिवा, एक भिंत आणि तो दिवा नेमका कुठे ठेवायचा याची जाण पुरते. कमी पैशांच्या अनेक चित्रपटांत उसने राक्षस आणि खोटे पंख यांवरच सगळी रक्कम उडवलेली दिसते आणि मग कॅमेऱ्यापुढे भीती कशाची वाटावी, हेच उरत नाही. काकू, चिमुकले सैतान पुढे दिसत नाहीत ही आपल्याला उणीव वाटली, पण मला तो शहाणपणा वाटतो.

ड-३०१ वहिनी
मी भयपट सहसा पाहत नाही आणि शनिवारी केवळ शेजार म्हणून आले होते. मला राडूपेक्षा रेबेका लक्षात राहिली. मेलानी शॅटनर हिने ती भूमिका केली आहे. बहिणीचा फोन आला म्हणून ती परक्या देशात धावत येते, दूतावासात जाते, पोलिसांकडे जाते, वृद्ध प्राध्यापकाला भेटते आणि कोणीही तिचे म्हणणे सरळ ऐकून घेत नाही. माझी बहीण परदेशात असताना एकदा तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता. तेव्हा मी ज्याला त्याला फोन करत होते आणि समोरचा माणूस शांतपणे ‘काही झालेले नसेल’ असे म्हणाला की माझा जीव अधिकच कासावीस होई. रेबेकाच्या चेहऱ्यावर नेमके तेच होते. बहीण आता माणूस राहिलेली नाही हे कळल्यावरही ती तिला सोडत नाही. मिशेलही संतांचे रक्त पाझरणारा तो ब्लडस्टोन उराशी धरून, आपल्याला माणसांचा जीव घ्यावा लागू नये म्हणून धडपडते. बाहेर उजाडलेले आहे, बहीण दारापर्यंत आलेली आहे आणि ऊन सोसत नाही म्हणून तिला बाहेर पाऊल टाकता येत नाही, ही कल्पना मला दोन दिवस सोडून जात नाही.

अ-७०१ काकू
वहिनी, रेबेकाविषयी आपण लिहिलेले मला पटले; त्या दाराच्या दृश्यात माझ्याही पोटात कालवले होते, हे कबूल करते. शेवटाविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. उलट, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे उभ्या असलेल्या त्या दोघींना इतके जवळ आणल्यावर तिथेच सोडणे अधिकच अन्यायाचे वाटते.

क-२०३ काका
काकू, आपली तक्रार मी नाकारणार नाही. दुसरा आणि तिसरा भाग एकापाठोपाठ चित्रित झाले आणि तिसरा १९९४ मध्ये आला. मिशेलला भुयारात ओढून नेले तिथूनच तो सुरू होतो. म्हणजे आपण शनिवारी अर्धीच गोष्ट पाहिली आणि दोन्ही भाग एकाच रात्री लावायला हवे होते.

अ-७०१ काकू
मग येत्या शनिवारी तिसरा भाग लावा. साडेआठला सुरू करा, मुलांच्या जेवणानंतर, आणि फलकावर सूचना आजच लिहा. मी पुढच्या रांगेत बसेन. रेबेका बहिणीला उजेडात आणते की नाही हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे.