मदत हवी आहे: ‘क्वाइट गुड’ म्हणजे उत्तम की जेमतेम?

कापशीवाला: नमस्कार. आमच्याकडे तीन पिढ्या कोल्हापुरी चपला बनतात. परदेशातील एका खरेदीदाराला नमुन्यादाखल सहा जोड पाठवले होते. त्याने शिलाई ‘क्वाइट गुड’ असल्याचे कळवले आहे. शब्दकोशात या शब्दाचे ‘पूर्णपणे’ आणि ‘बऱ्यापैकी’ असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. कातडे आजच उचलायचे आहे, म्हणून कृपया एका शब्दात सांगावे.

निवृत्त शिक्षक: आपण ‘क्वाएट’ तर वाचला नाहीत ना? शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली की ‘शांत’ असा अर्थ होतो. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधील ‘क्विएटस’ हेच आहे.

कापशीवाला: सर, आमची चप्पल चालताना करकर वाजते. तिला शांत कोण म्हणेल?

रंकाळाकाठ: खरेदीदार कोणत्या देशाचा, हेच आपण सांगितलेले नाही. अमेरिकी माणसाच्या लेखी ‘क्वाइट गुड’ म्हणजे खूप चांगले. ब्रिटिश माणूस मात्र ‘ठीक आहे’ एवढ्याच अर्थाने तसे म्हणण्याची शक्यता अधिक. ‘अशक्य’ किंवा ‘परिपूर्ण’ अशा कमीजास्त न होणाऱ्या विशेषणांपूर्वी हाच शब्द ब्रिटनमध्येही ‘पूर्णपणे’ असा अर्थ देतो.

आयटीतला कोल्हापूरकर: मी सहमत नाही. आमचे साहेब गेली चार वर्षे माझ्या कामाला ‘क्वाइट गुड’ म्हणतात आणि ती स्तुतीच असते.

रंकाळाकाठ: साहेब कुठले?

आयटीतला कोल्हापूरकर: टेक्सासचे. पण मुद्दा तो नाही.

रंकाळाकाठ: मुद्दा तोच आहे. मराठीतही ‘स्वयंपाक बरा झाला’ असे म्हटले तर करणारीचा चेहरा उतरतो आणि ‘पाऊस बराच झाला’ म्हटले की पंचगंगेची पातळी पाहायला लोक निघतात; एका ‘च’ने केवढा फरक पडतो! इंग्रजीत तो ‘च’ लिहीत नाहीत, आपणच ओळखावा लागतो.

व्यापारी मित्र: व्याकरण राहू द्या. निम्मी रक्कम आगाऊ मागा. पैसे आले तर चप्पल आवडली असे समजावे.

कापशीवाला: खरेदीदार मँचेस्टरचा आहे. पुढे ‘बट द स्ट्रॅप इज नॉट क्वाइट राइट’ असेही लिहिले आहे. ते महत्त्वाचे वाटले नाही.

रंकाळाकाठ: अहो, सगळे पत्र त्यातच आहे! ‘नॉट क्वाइट’ म्हणजे ‘पूर्णपणे नाही’. पट्टा जमलेला नाही, हे त्याने सौम्यपणे सांगितले आहे. ‘बट’च्या आधीची शिलाईची स्तुती बेताचीच धरावी आणि पट्ट्यात नेमके काय बदलायचे, ते त्याला विचारावे.

कापशीवाला: आत्ताच तसे विचारले आहे. तूर्त दोन जोडांपुरतेच कातडे घेतो. मनापासून आभार.

निवृत्त शिक्षक: ‘क्विट’ हा शब्दही त्याच मूळचा आहे, हे सांगायचे राहिले.