विसर किती वेगाने वाढला, तेही बघा

"वय झालं की विसरणं आलंच, तपासण्या कशाला" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा हातात धरून याचं काय करतात असा प्रश्न पडणं वेगळं. पण चर्चेत वेगाचा मुद्दा राहूनच गेलाय. अल्झायमरसारखा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. माणूस एक-दोन दिवसांत बदलला तर तो डिलिरियम, म्हणजे आजार किंवा औषधांमुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो, आणि त्याचं कारण सापडलं तर बऱ्याचदा उतारही पडतो.

माझ्या आईचं असंच झालं. सोमवारी शब्दकोडं सोडवत बसलेली बाई बुधवारी रात्री मला 'दादा' म्हणायला लागली, पांघरुणावरचे नसलेले धागे वेचायला लागली. सकाळी जरा बरी, संध्याकाळी पुन्हा तेच. आम्ही आपले 'झालं, सुरू झालं' म्हणून हताश! निघालं काय, तर लघवीचा जंतुसंसर्ग. ताप नाही, जळजळ नाही (म्हातारपणी पुष्कळदा नसतेच). अँटिबायोटिक सुरू केल्यावर आठवड्याभरात भानावर आली. झोपेच्या गोळ्या, सर्दीची काही औषधं, अंगातलं पाणी कमी होणं, अगदी बद्धकोष्ठतेनेही असं होतं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते "नेमकं कधीपासून?", आणि आम्हा तिघा भावंडांची तीन उत्तरं होती.