डनॉलीच्या लाल मातीसाठी छोटी मोनो कॉइल घ्यावी की डबल-डी? (मदत हवी आहे)

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या डनॉली-मोलियागुल पट्ट्यासाठी (१८६९ चा ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा प्रचंड गोळा इथलाच) सोनं शोधायच्या मेटल डिटेक्टरची दुसरी कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी) घ्यायची आहे. मशीन जीपीएक्स ५०००, सध्या ११ इंची गोल मोनो (एकच वेटोळं संकेत पाठवतं आणि घेतं). मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढलेलं आहे.

अडचण अशी की लोहखड्यांच्या लाल मातीत ‘फाइन गोल्ड’ टायमिंगवर (बारीक सोन्यासाठीची सेटिंग) थ्रेशोल्ड (मशीनचा सततचा मंद आवाज) सारखा कुरकुरतो. ‘एन्हान्स’ टायमिंगवर नेलं की शांत, पण मग बारीक कण निसटतील अशी धास्ती. ग्राउंड बॅलन्स (मशीन मातीशी जुळवणं) नव्याने केलाय, स्किड प्लेट (कॉइलखालचं संरक्षक झाकण) काढून आतली धूळ पुसलीय, केबल दांड्याला घट्ट आवळलीय. म्हणजे खोटे आवाज मातीचेच.

८ इंची मोनो एका वेळी कमी माती पाहते, म्हणून कुरकुर घटेल आणि अर्ध्या ग्रॅमखालचं सोनं सापडेल. खोली मात्र जाईल. ११ इंची डबल-डी (संकेत पाठवणारं आणि घेणारं वेटोळं वेगळं) शांत चालते, पण त्याच मापाच्या मोनोपेक्षा उथळ. माझा कल छोट्या मोनोकडे आहे.

या मातीत दोन्ही फिरवलेल्यांनी सांगा: डबल-डीने खोलीत नेमका किती फरक पडतो? आरएक्स गेन (आलेला संकेत किती वाढवायचा ते) किती ठेवता? आणि झुडपांत लंबगोल कॉइल खरंच सोयीची पडते का?