मदत हवी आहे : आईचे कॉर्टिसॉल २.४ आले आहे, अधिवृक्क ग्रंथी कायमच्या निकामी झाल्या का?

रानवाट :
आईच्या रक्ततपासणीत कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारे संप्रेरक) फक्त २.४ आले असून त्यापुढे 'कमी' असा शेरा आहे. पंधरा दिवसांपासून तिला विलक्षण थकवा आहे, जेवण जात नाही आणि अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. जिथे वाचावे तिथे ॲडिसनचा आजार, म्हणजे या ग्रंथीच निकामी होणे, आणि आयुष्यभर गोळ्या एवढेच सापडते. मला एकाच प्रश्नाचे थेट उत्तर हवे आहे : ग्रंथी निकामी झाल्या आहेत का, आणि त्या पुन्हा काम करू लागतील का? डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. तोवर नुसते बसून राहणे मला जमणार नाही.

सायंतारा :
नमुना किती वाजता घेतला, एकक कोणते होते, सोडियम-पोटॅशियम किती आले आणि कोणती औषधे चालू आहेत, हे कळल्याशिवाय थेट उत्तर देता येणार नाही. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढत जाऊन सकाळी सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. त्यामुळे रात्रीच्या नमुन्यात जो आकडा स्वाभाविक ठरेल, तोच सकाळी आठला आला तर गंभीर ठरतो.

जुना वाचक :
सततच्या ताणाने या ग्रंथी थकतात, असे माझे मत आहे. मला स्वतःला ज्येष्ठमधाच्या काढ्याने महिन्याभरात तरतरी आली होती. गोळ्यांच्या मागे लागण्याआधी हा उपाय अवश्य करून पाहावा.

कोरा कागद :
वरचा सल्ला कृपया पाळू नका. 'थकलेल्या ग्रंथी' असे निदान अंतःस्रावशास्त्रात मान्य नाही. ज्येष्ठमधाने ग्रंथीतून अधिक कॉर्टिसॉल तयार होत नाही; मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे विकर त्याने रोखले जाते, आणि परिणामी रक्तदाब वाढून पोटॅशियम घसरते. मी ११ वर्षांपासून ॲडिसनचा रुग्ण आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो, शरीरात मीठ टिकवणाऱ्या अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या जागी घ्यायची फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी लवकर सुरू करून घ्या, कारण मीठ शरीरात टिकले नाही तर उभे राहणेसुद्धा कठीण होते. ॲडिसनमध्ये होतात तसे हाताच्या रेषा, हिरड्या किंवा जुने व्रण काळे पडले आहेत का?

रानवाट :
नमुना सकाळी सव्वाआठचा आहे आणि एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. सोडियम १३१, पोटॅशियम ४.३. त्वचा कुठेही काळवंडलेली नाही. उलट मधल्या काळात चेहरा गोल आणि भरल्यासारखा झाला होता. औषध काहीही चालू नाही. सांध्यांच्या गोळ्या होत्या, पण साखर वाढू लागल्यामुळे त्या आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच बंद केल्या. त्यांचा येथे संबंध नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी देईल का?

सायंतारा :
त्या गोळ्यांचे नाव, मात्रा आणि किती दिवस घेतल्या, हे कृपया लगेच सांगा.

रानवाट :
प्रेडनिसोलोन, रोज १० मिलिग्रॅम, सुमारे ७ महिने.

दीपस्तंभ :
याच ग्रंथींच्या गाभ्यात ॲड्रेनलिन तयार होते आणि तिथे गाठ झाली तर रक्तदाब एकाएकी उसळतो. माझ्या काकांना तशी गाठ निघाली होती. चोवीस तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन (ॲड्रेनलिनपासून बनणारा पदार्थ) तपासून घ्या.

सायंतारा :
दीपस्तंभ, इथे रक्तदाब उसळत नसून उभे राहताना पडत असावा असे दिसते, म्हणून आधी हातातल्या प्रश्नाकडे पाहू या.

रानवाट, तुम्ही जे बिनमहत्त्वाचे मानले तेच बहुधा मूळ कारण आहे. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलचेच काम करणारे स्टेरॉइड आहे आणि शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते त्याच्या तोडीला त्याचे साधारण ५ मिलिग्रॅम पुरतात. बाहेरून त्याहून अधिक मिळत राहिल्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हा संदेश पाठवणे कमी करते, आणि तो संदेश न मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथींचा कॉर्टिसॉल बनवणारा थर हळूहळू आक्रसतो. म्हणूनच अशा गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. त्या अचानक थांबल्या की बाहेरचा पुरवठा तुटतो आणि आतला अजून सुरू झालेला नसतो.

कोरा कागद, या प्रकारात फ्लुड्रोकॉर्टिसोन सहसा लागत नाही, कारण अल्डोस्टेरोनचे नियंत्रण मुख्यतः मूत्रपिंडातून निघणाऱ्या रेनिनच्या साखळीकडे आणि पोटॅशियमकडे असते. पोटॅशियम वाढलेले नाही आणि त्वचा काळवंडलेली नाही, हे त्याच्याशी जुळते. सोडियम मात्र नुसत्या कॉर्टिसॉलच्या अभावानेही उतरते.

या ग्रंथी बहुतेकदा पुन्हा जाग्या होतात, पण त्याला महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. दहा दिवस थांबू नका, आजच डॉक्टरांना गाठा. उलटी किंवा ग्लानी आली तर थेट तातडीच्या विभागात न्या आणि 'स्टेरॉइड अचानक बंद केले' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

कोरा कागद :
मान्य आहे, मी माझा आजार तुमच्या आईंवर लादत होतो. एक गोष्ट मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच आहे : ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची (औषधरूपातल्या कॉर्टिसॉलची) मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनच घ्यावे लागते. हे कागदावर लिहून आईंच्या पिशवीत ठेवा.

रानवाट :
काल रात्री दोनदा उलटी झाल्यावर तिला तातडीच्या विभागात नेले. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन दिल्यावर चार तासांत ती उठून बसली आणि तिने स्वतःहून जेवण मागितले. आता सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन सुरू आहे, आणि काही आठवड्यांनी एसीटीएच टोचून ग्रंथींचा प्रतिसाद पाहणार आहेत. गोळ्या बंद करण्याचा निर्णय माझा होता, हे मनातून जात नाही. आणखी एक विचारायचे राहिले : याच वर्षात तिच्या गुडघ्यात दोनदा इंजेक्शन दिले होते, तेही सांगायला हवे का?

सायंतारा :
हो, नक्की सांगा. सांध्यात दिलेले स्टेरॉइडही रक्तात उतरते आणि तोच संदेश दाबते. तारखा सापडल्या तर त्याही द्या. चाचणीच्या आदल्या दिवसापासून हायड्रोकॉर्टिसोनची कोणती मात्रा टाळायची, हे मात्र डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. ती गोळी तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजली जाते, आणि स्वतःच्या अंदाजाने ती थांबवणे आईंना झेपणार नाही.