पणजीत पहिली पोकर टूर्नामेंट: तीन पत्ती खेळणाऱ्याने काय सांभाळावं?

पंचगंगाकाठ
पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून पणजीला जायचं आहे. तिथे टेक्सास होल्डेमची (हातात दोन पत्ते, टेबलवर सगळ्यांचे पाच सामाईक) छोटी टूर्नामेंट खेळायचा विचार आहे. एन्ट्री 5,000 + 500, स्टॅक (सुरुवातीचे चिप्स) 20,000, ब्लाइंड (सक्तीची रक्कम) 100-200 पासून, ती वाढत जाणारी लेव्हल 20 मिनिटांची, सहाव्या लेव्हलपर्यंत री-एन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून प्रवेश). तीन पत्ती चांगली येते, होल्डेमचे नियमही वाचलेत, पण डीलरसमोर कधी बसलेलो नाही. सुरुवातीला लोक नेमके कुठे चुकतात? आणि री-एन्ट्रीचे पैसे बाजूला ठेवावेत का?

मांडवीपल्याड
आधी कागदपत्रं. वय 21 पूर्ण हवं. आधार किंवा पासपोर्ट मूळ प्रत न्या, फोटो चालेल असं धरून चालू नका. पॅन कार्डही सोबत ठेवा, बक्षीस घेताना लागतं. 10,000 च्या वर जिंकलात तर 30 टक्के टीडीएस कापतात, आणि हरलेल्या एन्ट्रींची वजावट मिळत नाही. हा हिशेब आधीच डोक्यात असू द्या. बोटीवरच्या कॅसिनोत प्रवेशाचे पैसे एन्ट्रीत धरलेत की वेगळे, हे फोन करून विचारा. शॉर्ट्स आणि चपला अनेक ठिकाणी चालत नाहीत.

5,000 + 500 मधले 5,000 बक्षिसाच्या रकमेत जातात, 500 जागेची फी. 40 एन्ट्री झाल्या तर 2 लाख जमतात आणि साधारण पाच-सहा जणांनाच काही मिळतं. शेवटच्या बक्षिसात एन्ट्रीच्या दीड-दोन पटच हाती येतात.

इस्पिकराणी
तीन पत्तीची सवयच पहिल्या तासात नडते, म्हणून तेवढंच सविस्तर लिहिते.

पहिलं, क्रम. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. होल्डेममध्ये उलटं: पाच पत्त्यांचा कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीतली ट्रेल सगळ्यांच्या वर. इथे तीन सारखे पत्ते सिक्वेन्सच्याही खाली. एक्का-दुरी-तिरी तिकडे मोठी मानतात, इथे एक्का-दुरी-तिरी-चौका-पंजा हा सगळ्यात लहान सिक्वेन्स. टेबलवर तीन बदाम पडलेत, हातात एकही बदाम नाही आणि सिक्वेन्स झाला म्हणून सगळे चिप्स पुढे ढकलले, असं नवख्यांच्या हातून नेहमी होतं.

दुसरं, ‘ब्लाइंड’. पत्ते न बघता खेळणं असा त्याचा अर्थ इथे नाही. बटण म्हणजे दर डावाला एकेक जागा सरकणारी वाटपाची खूण; तिच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधीच भरायची ती सक्तीची रक्कम. लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड.

तिसरं, पत्ते हातात धरून छातीशी नेऊ नका. टेबलवरच, तळहाताच्या आडोशाने कोपरा उचलून बघा आणि वर एक चिप ठेवा. असे न सांभाळलेले पत्ते डीलर फोल्ड (तीन पत्तीतलं पॅक) समजून ओढून घेऊ शकतो, आणि ढिगात मिसळले की परत मिळत नाहीत. आपली पाळी येण्याआधी ‘पॅक’ म्हणून पत्ते फेकणंही बंद करा. ज्यांची पाळी तुमच्या आधी आहे त्यांना फुकट माहिती मिळते.

बटणसीट
वरचं सगळं बरोबर. मला चिप्स टाकण्याबद्दल सांगायचं आहे, कारण तिथे डीलर दयामाया करत नाही.

समजा ब्लाइंड 300-600 आहेत आणि कुणीतरी 1,500 केले. तुम्हाला वाढवायचं आहे म्हणून तुम्ही न बोलता 5,000 ची एकच चिप टाकली. तो कॉल (समोरच्याइतकेच चिप्स भरणं) धरतात, 3,500 परत येतात. रेझ, म्हणजे वाढ, करायची असेल तर हात हलण्याआधी तोंडाने म्हणा, ‘रेझ, चार हजार’. बोललेलं बंधनकारक असतं. इथे 600 वरून 1,500, म्हणजे वाढ 900 ची झाली होती, म्हणून पुढची किमान रेझ 2,400. पण फ्लॉपनंतर (टेबलवरचे पहिले तीन सामाईक पत्ते) कुणीच बेट केली, म्हणजे चिप्स लावले, नसताना तीच एक चिप न बोलता टाकली, तर ती पूर्ण 5,000 ची बेट!

आधी थोडे चिप्स ठेवून पुन्हा स्टॅककडे हात नेलात तर ‘स्ट्रिंग बेट’ होते, दुसरा घास धरत नाहीत. मोठ्या किमतीचे चिप्स पुढे, दिसतील असे ठेवा.

पंचगंगाकाठ
एक चिप म्हणजे कॉल, हे खरंच माहीत नव्हतं. मग री-एन्ट्रीचं काय?

मांडवीपल्याड
त्यासाठी स्टॅक हजारात मोजणं सोडा, बिग ब्लाइंडमध्ये मोजा. सुरुवातीचे 20,000 म्हणजे 100 बिग ब्लाइंड. 100 मिनिटांनी सहावी लेव्हल लागते. तेव्हा ब्लाइंड 500-1,000 झाले असतील तर तेच 20,000 फक्त 20 उरतात. बिग ब्लाइंडवाल्याचा 1,000 चा अँटी (ब्लाइंडशिवाय भरायची रक्कम) धरला तर एक फेरी 2,500 ला पडते. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे नऊ जणांच्या टेबलवर एका लेव्हलमध्ये जेमतेम एक फेरी. म्हणून पहिल्या दोन लेव्हलमध्ये बाद झालात तरच दुसरी एन्ट्री घ्या. सहाव्या लेव्हलला पूर्ण किमतीत पाचवा हिस्सा खेळ मिळतो, मी तरी घेऊ नका म्हणेन.

बटणसीट
सुरुवातीला लहान जोडी स्वस्तात कॉल करायला हरकत नाही. फ्लॉपवर तिसरा पत्ता साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो, म्हणून कॉलच्या पंधरा-वीस पट चिप्स दोघांकडे असले तरच. 10 बिग ब्लाइंडवर आलात की मग कॉल नाही, छोटी रेझ नाही: ऑल-इन (सगळे चिप्स पुढे) किंवा फोल्ड. आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलं असेल तर बटणवरून कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-राणी पुरेसे. ज्यांची पाळी आधी येते त्या जागांवरून सत्त्यांची जोडी, एक्का-दहा किंवा त्याच्या वरचंच. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) दोन ब्लाइंड आणि अँटी मिळून पडलेले अडीच बिग ब्लाइंड न लढता मिळाले तर तुमचा स्टॅक चौथ्या हिश्श्याने वाढतो. 4 बिग ब्लाइंड उरेपर्यंत थांबलात तर समोरच्याला कॉल इतका स्वस्त पडतो की कुणी फोल्डच करत नाही.

इस्पिकराणी
आणि ऑल-इन जिंकलात तरी पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत पत्ते सोडू नका. हरल्यासारखं वाटलं तरी उठू नका; दोन्ही स्टॅक मोजून होऊ द्या, तुमचे 500 जास्त निघाले तर तुम्ही अजून खेळात आहात.